रंगाला हात न लावता

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझ्या मोठ्या भावाचं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. हैदराबादकडे जाणारे ट्रक दिवसभर त्याच्यासमोरून जात असतात. त्यांच्या धुळीपासून ओला रंग वाचवायला दादानं पुढे एक जुनी ताडपत्री टांगली आहे. दोनेक वर्षं त्या ताडपत्रीच्या आत मी त्याच्या शेजारी काम केलं. पत्र्याबद्दल मला जे कळतं त्यातलं बरंचसं तिथंच पक्कं झालं. माणसांबद्दलचंही.

माझं काम काय ते आधी सांगतो, कारण आमच्याकडे अजून बऱ्याच लोकांना ते खरं वाटत नाही. गाडीच्या दाराला कुणाची मोटरसायकल लागली, बैलाचा धक्का बसला, पत्रा आत दबला, पण वरचा रंग शाबूत राहिला, तर तो पोचा रंग न लावता काढता येतो. काचेच्या फटीतून किंवा दाराच्या आतल्या बाजूनं एक वाकडी सळई घालायची आणि दबलेला पत्रा आतून थोडा थोडा ढकलत बाहेर आणायचा. बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचा एक दिवा लावलेला असतो. त्याच्या रेघा पत्र्यावर उमटतात. रेघ जिथं वाकडी दिसते तिथं अजून दाबायचं, सरळ झाली की थांबायचं. हात हळू लागतो. एकदम जोर दिला तर पत्र्याला बारीक टोक येतं आणि त्या टोकावर रंगाला चांदणीसारखा तडा जातो. तडा गेला की संपलं. मग घासा, पुट्टी भरा, रंग मारा.

हे मी पुण्यात एका मोठ्या गॅरेजमध्ये शिकलो. लॉकडाऊनमध्ये ते गॅरेज बंद पडलं आणि मी सळयांची पिशवी घेऊन घरी आलो. आई-बाबा दोघंही नाहीत. बाबा गेले तेव्हा दादानं शाळा सोडून एका पेंटरच्या हाताखाली काम धरलं. मी आयटीआय केलं ते त्याच्या कमाईवर. तेव्हा माझं घर म्हणजे दादाचंच घर, आणि वहिनीच्या हातचं जेवण.

मी नागपूरला काम शोधतो म्हटलं, तर दादा रागावला.

"नागपूरले कायले जातं? माहं शेड काय लहान हाये? अर्धी जागा तू घे. मी रंग मारतो, तू पोचे काढ."

पुढच्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'रंग न लावता पोचे काढून मिळतील'. दादाचं अक्षर सुंदर. दुकानांच्या पाट्या रंगवूनच तो रंगाच्या धंद्यात आला होता. पाटी लावताना येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "माहा भाऊ हाये. पुण्यावरून शिकून आला."

सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. मग एका कापूस व्यापाऱ्याची गाडी आली, मग पांढरकवड्यातल्या एका डॉक्टरांची. एका वर्षी आमच्याकडे गारपीट झाली आणि टपावर, बॉनेटवर खड्डेच खड्डे पडलेल्या गाड्यांची शेडपुढे रांग लागली. त्या दिवसांत मी सकाळी वाकलो की उन्हं कलल्यावर सरळ व्हायचो. दादा मला चहा आणून द्यायचा. गिऱ्हाईक सांभाळायचा. मी तेव्हा फार सुखात होतो. दोन भाऊ एका छपराखाली कमावतात, याच्याहून जास्त माणसाला काय पाहिजे, असं वाटायचं.

दादाचा रंग मारायचा कंप्रेसर मात्र कमी वाजायला लागला होता. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मला वाटलं, मोठे अपघात त्याच्याकडे येतातच, रंग फुटलेल्या गाड्या येतातच. मी तर फक्त बारीकसारीक पोचे काढतो. खरी गोष्ट अशी की गावाकडच्या पेंटरचं पोट बारीकसारीक पोच्यांवरच चालतं. मोठ्या अपघाताची गाडी विम्यावर नागपूरला किंवा यवतमाळला जाते. हे मला कळायला हवं होतं आणि दादानं तोंड उघडून सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही.

मग तडे जायला लागले.

पहिली गाडी एका सराफाची होती. पुढच्या दारावरचा पोचा मी सकाळी काढला, दहादा दिवा फिरवून पाहिला, रेघा सगळ्या सरळ. जेवायला घरी गेलो. आमची पद्धत अशी होती की दुपारी आधी मी घरी जेवायला जायचो, दादा शेड सांभाळायचा, मग मी आल्यावर तो जायचा. परत येऊन कपड्यानं दार पुसायला घेतलं तर मधोमध टोक आलेलं आणि त्यावर तडा.

दादा आला, वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "जोर जास्त झाला असन. होते कधी कधी. मनाले लावून घेऊ नको. मी रंग मारून देतो."

त्यानं ते दार फुकट रंगवून दिलं. सराफाला म्हणाला, "लहान हाये, सांभाळून घ्या." मला त्या दिवशी भरून आलं होतं. वाटलं, असा भाऊ कुणाला मिळतो?

काही दिवसांनी पुन्हा झालं. मग पुन्हा. दर वेळी काम चांगलं झालेलं असायचं आणि जेवून आलो की तडा दिसायचा. मी स्वतःला समजावलं की सकाळच्या उजेडात दिसत नसावं आणि उन्हानं पत्रा तापला की टोक वर येत असावं. दादाच असं म्हणाला होता. "पत्रा हाये बाबू, तापला का आपलं खरं रूप दाखवते." तो इतकी वर्षं पत्र्यात होता, मी त्याचं ऐकलं.

मी यवतमाळला जाऊन डोळे तपासून आलो. नंबर नव्हताच जवळजवळ, पण मी हट्टानं चष्मा करून घेतला. हात थरथरत असतील म्हणून चहा सोडला. रविवारी भंगारातून आणलेलं एक जुनं बॉनेट अंगणात ठेवून सराव करायचो. त्यावर एकदाही तडा गेला नाही. त्याचाही अर्थ मी उलटाच लावला. म्हटलं, भंगारावर हात मोकळा चालतो, गिऱ्हाइकाची गाडी पाहिली की मन घाबरतं. रात्री झोप लागायची नाही. सळई हातात घेतली की मनगटात आधीच भीती यायची, आणि भीती आली की खरंच हात बिघडतो. एकदा तर माझ्याच हातून, माझ्या डोळ्यांदेखत एक टोक आलं. त्यानंतर मला शंकाच उरली नाही की माझ्यातच काहीतरी मोडलं आहे.

गावात बोलणं सुरू झालं. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "त्याच्यापेक्षा मोठ्याकडं द्या, रंगवून देते पण काम पक्कं करते." दादा मला म्हणाला, "असं कर, सध्या पोच्याचं काम घेऊ नको. माह्यासंगं पेपर मार. हात बसला का मग पाहू." आणि मी पुण्यावरून शिकून आलेला माणूस त्याच्या पुट्टीवर पाण्याचा पॉलिश पेपर घासायला लागलो. मला ते कमीपणाचंही वाटलं नाही. वाटलं, दादा मला सांभाळून घेतोय.

अशात मारेगावकडच्या एका शाळेतल्या मॅडम आल्या. गाडी नवीन, पांढरी. बाजारात बैलबंडीचा धक्का लागून मागच्या दाराला ताटलीएवढा पोचा पडलेला. मॅडम स्वच्छ बोलणाऱ्या होत्या.

"माझ्या आधीच्या गाडीला एक दार रंगवलं होतं. वर्षभरात त्याचा रंग वेगळा दिसायला लागला, आणि विकायला काढली तर प्रत्येक जण विचारायचा, अपघात झालता का. या गाडीला रंग लावायचा नाही. जमत असेल तरच घ्या."

मी नाही म्हणणार होतो. पण पोचा पाहिला आणि राहवलं नाही. कड कुठंही तुटलेली नव्हती, रंग अख्खा होता. असा पोचा म्हणजे आमच्या कामातलं सोनं. मी म्हटलं, "जमेल. ठेवून जा, उन्हं उतरल्यावर न्या." दादा पुट्टी कालवायला वळला. मॅडम त्यांच्या सोबतिणीच्या स्कूटीवर बसून पंचायत समितीच्या कामाला गेल्या.

ती सकाळ मला अजून आठवते. पत्रा ऐकत होता. कडेकडेनं आत येत, मधे थोडं ढिलं सोडत, मी तो पोचा असा काढला की शेवटी दिव्याच्या रेघा पाहताना मलाच कळेना की तो नेमका कुठं होता. बऱ्याच महिन्यांनी माझा हात मला ओळखीचा वाटला. आनंदात घरी गेलो.

वहिनीनं ताट वाढलं. भाकर, वरण, ठेचा. मी पहिला घास मोडणार तोच ती म्हणाली, "भाऊजी, आज काम केलं का पोच्याचं?"

"केलं. मस्त झालं, वहिनी."

ती दाराजवळ जाऊन बाहेर बघून आली. मग खाली बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "तुमच्या डोळ्याले काई नाई झालं. हातालेही नाई."

"म्हणजे?"

"मागं तुम्हाले ताप होता, तुम्ही काम करून घरी येऊन झोपले होते. मी यांचा डबा घेऊन शेडवर गेलती. मी पाह्यलं. तुम्ही आता जेवू नका. आता जा. अन् माहं नाव नका घेऊ, मले याच घरात राहायचं हाये."

मला खरंच काही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि पाय चालताना ते मी स्वतःला कळू देत नव्हतो. ताडपत्रीच्या कडेनं आत गेलो. मॅडमच्या गाडीचं मागचं दार उघडं होतं. दादा उकिडवा बसलेला, माझ्याकडे पाठ. काचेच्या फटीत माझी सळई होती, ती आखूड वाकडी, जिच्या मुठीला मी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. तो घाई करत नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी बाहेरून जागा चाचपून पाहिली, आतलं टोक तिथं आणलं आणि मनगटाला एक झटका दिला. टक् असा आवाज झाला.

ती जागा त्याला अचूक सापडली होती. माझं काम तो किती बारकाईनं बघत होता, ते तेव्हा कळलं.

"दादा."

तो वळला. घाबरला नाही. सळई हळू काढून घेतली, फडक्यानं पुसली. "थोडी खोट राहिलती. दाबून पाह्यली."

"खोट नव्हती."

"मग नव्हती."

"किती गाड्या, दादा?"

तो उठून उभा राहिला. गुडघ्यावरची धूळ झटकली. "कायच्या गाड्या?"

"मी डोळे तपासून आलो. तू मले मोटरसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं होतं. मी चष्मा लावला, चहा सोडला. तुले माईत होतं अन् तू पाहत राह्यला?"

तेव्हा त्याचा आवाज चढला. "मग काय करू? माणूस इथं गाडी लावते अन् उतरल्या उतरल्या तुले इचारते. मी इथं उभा राहतो अन् तो माह्या अंगावरून तुह्याकडं जाते! ज्यायच्या बापाच्या गाड्या मी रंगवल्या, ते मले म्हणते, रंग नाई पाहिजे, तुह्या भावाले बोलाव. मीच जागा देल्ली, मीच पाटी लिवली, अन् माह्याच पोटावर तू बसला. दगा पह्यले कोणं देल्ला?"

"मले सांगितलं असतं तर मी गेलो असतो."

"अन् लोकं काय म्हणाले असते? भावानं भावाले हाकललं?"

म्हणजे मला हाकलायचंही नव्हतं. मी राहायचं, पण हात मोडलेला माणूस म्हणून राहायचं. त्याचे पेपर घासायचे आणि त्याचे उपकार मानायचे. त्यानं भरलेला प्रत्येक तडा मला आठवला, आणि प्रत्येक वेळी मी त्याला काय काय म्हणालो होतो तेही. एकदा तर मी त्याच्या पाया पडलो होतो.

अजून बोलणं झालं असतं, पण बाहेर स्कूटी थांबली. मॅडमचं काम लवकर आटोपलं होतं. त्या आत आल्या, सरळ दाराकडे गेल्या, वाकल्या. तडा दिसायला चष्म्याची गरज नव्हती.

"हे काय?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्याआधी दादा बोलला. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी मी त्याला पकडलं होतं. तरी तो बोलला, आणि बोलताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मॅडम, लहान भाऊ हाये. अजून हात बसला नाई त्याचा. चूक झाली. मी असा रंग मिळवून देतो का तुम्हाले स्वतःले सापडनार नाई. पैसे नका देऊ."

त्याला खात्री होती की मी बोलणार नाही. कशावरून खात्री होती, कुणास ठाऊक. पण ती बरोबर निघाली. मी बोललो असतो तर 'तुला कुणी सांगितलं, तू इतक्या लवकर जेवून कसा आलास' हे पुढं आलंच असतं, आणि घरी वहिनी होती. शिवाय त्याचा हात खांद्यावर होता. तो हात लहानपणापासून माझ्या खांद्यावर होता, तो झटकायचा कसा हे मला शिकवलेलंच नव्हतं.

मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "येत नाही तर काम घ्यायचं नाही. मी तुम्हाला विचारलं होतं ना? खरं सांगायचं माणसानं."

मी मान खाली घातली. दादानं माझ्या हाताला छिन्नी मारली असती तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली आणि यवतमाळची बस धरली. वहिनीनं शिदोरी बांधून दिली. दादा दारात उभा राहून म्हणाला, "रागानं जाऊ नको." मी म्हटलं, "राग नाही." ते खरंच होतं, राग फार नंतर आला. मॅडमचं दार त्यानं रंगवून दिलं, आणि काम सुरेख केलं असणार, त्यात मला शंका नाही.

यवतमाळला मी एक खोली घेतली. शेड नाही, पाटी नाही. मोटरसायकलला पिशवी बांधून लोकांच्या दारात जाऊन पोचे काढतो. पहिले काही महिने वाईट गेले. दोष माझा नव्हता हे डोक्याला कळलं होतं, मनगटाला कळायला वेळ लागला. आता हात परत आला आहे. वणी, उमरखेड, फुलसावंगीपर्यंत बोलावणं येतं. मारेगावचं मात्र गेलं. एकदा तिथल्या एका गल्लीत मी सळई काढून बसलो होतो, तर समोरच्या घरातून त्याच मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं. गाडीमालकाला बाजूला बोलावून हळू आवाजात काही सांगितलं. तो परत येऊन म्हणाला, "भाऊ, राहू द्या. आमची मिसेस नको म्हणून राह्यली, नंतर पाहू." मॅडम फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं असेल की शेजाऱ्याचं नुकसान वाचवलं. मी सळया पिशवीत भरल्या आणि निघालो. सांगता आलं असतं. पण रस्त्यात उभं राहून परक्या बाईला माझा सख्खा भाऊ कसा आहे ते सांगायचं, हे माझ्यानं झालं नाही.

घरच्या महालक्ष्म्या दादाकडे असतात. दोन वर्षं मी टाळलं, यंदा वहिनीचा फोन आला म्हणून गेलो. पंगती चालू होत्या. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांची एकच भाजी. दादा स्वतः वाढत होता. माझ्या ताटात त्यानं तुपाची धार जरा जास्तच धरली. वहिनीच्या माहेरकडचे एक पाहुणे नुकतेच आले होते, त्यांच्याशी ओळख करून देताना म्हणाला, "हा माहा लहान भाऊ. यवतमाळले मोठं काम हाये त्याचं. माह्याच शेडात तयार झाला."

मी पोळी मोडत राहिलो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन तिथूनच आत वळली.

माझं जेवण झाल्यावर ते पाहुणे म्हणाले, "मंग आमच्या गाडीचं पाह्यता का? येतानाच एक ट्रॅक्टर चाटून गेला." पिशवी मोटरसायकलला होतीच. पोचा बारका होता, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर. गल्लीत गाडीजवळ बसून मी तो काढला. दादा दोनदा बाहेर येऊन गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "काई लागते का?" मी म्हटलं, "नाही."

काम झालं. पाहुण्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, खूश झाले. मी म्हटलं, "आता गाडी इथं ठेवू नका, घेऊन जा."

"आता? अन् माहं जेवण तर व्हायचं हाये! दुसऱ्या पंगतीत बसतो ना मी."

"मग जेवून घ्या सावकाश. मी बसतो गाडीपाशी."

त्यांना काही समजलं नाही, ते हसून आत गेले. मी गाडीच्या सावलीला बसलो. आतून ताटांचे, बायकांच्या बोलण्याचे आवाज येत होते. थोड्या वेळानं दादा हात पुसत बाहेर आला, ओट्यावर उभा राहिला. गाडीच्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अजून भरोसा नाई?"

"नाही," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला, आणि कुणीतरी आतून भात मागितला तेव्हा आत गेला. पाहुणे जेवून, विडा खाऊन बाहेर येईपर्यंत मी तिथून हललो नाही.